पणजीहून जुने गोवे, गाईडसह एका दिवसात: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पणजीपासून जुने गोवे जेमतेम १० किलोमीटरवर आहे आणि बहुतेक सहली बिघडण्याचे मूळ या जवळपणातच आहे. जवळच तर आहे, दुपारी जेवून निघू, असे म्हणून मंडळी कडक उन्हात पोचतात, दोन चर्चे पाहतात, सां फ्रान्सिस शेवियर या ख्रिस्ती संताच्या शवपेटीपुढे रांगेत अर्धा तास उभी राहतात आणि चार वाजता परत फिरतात. घरी आल्यावर विचारले तर नदीकाठची कमान पाहिलेली नसते, टेकडीवरचा मनोरा रस्त्यावरूनच दिसलेला असतो आणि संग्रहालय त्या दिवशी नेमके बंद असते. ‘दक्षिण गोवा दर्शन’ प्रकारच्या बसफेरीतून जाणाऱ्यांची स्थिती याहून वाईट असते, कारण तिथे मंगेशी, शांतादुर्गा आणि एखादा समुद्रकिनारा यांच्या मध्ये जुन्या गोव्याच्या वाट्याला तासाभराहून जास्त वेळ सहसा येत नाही. खाली दिलेला क्रम पणजीहून निघणाऱ्या, सोबत गाईड घेणाऱ्या आणि दिवसभर याच एका शहरासाठी राखून ठेवणाऱ्या आठ-दहा जणांच्या गटासाठी आहे. शहर नदीकडून चढत पाहायचे, सकाळी खालचा भाग, दुपारी छपराखाली आणि ऊन उतरल्यावर टेकडी, हे सूत्र पाळले तर बाकीच्या गोष्टी त्यात आपोआप बसतात.

१. गाव कोणते, ते आधी नक्की करा

ही पायरी लिहावी लागते याचे नवल वाटेल, पण गोव्याबाहेरून येणाऱ्या नातेवाइकांना स्वतंत्रपणे पोचायला सांगितले की हा गोंधळ होतोच. जुने गोवे म्हणजे पोर्तुगीज नावाने ‘वेल्हा गोवा’, आणि ‘गोवा वेल्हा’ किंवा थोरले गोंय हे पणजी-मडगाव रस्त्यावरचे, आगशीच्या अलीकडचे दुसरेच गाव. शब्द तेच, क्रम उलटा. कदंबांची राजधानी असलेले गोपकपट्टण ते गोवा वेल्ह्याच्या बाजूचे, तर मांडवीकाठी आदिलशाहीच्या ताब्यात असलेले आणि १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आफोंसो द आल्बुकर्कने जिंकलेले शहर ते आपले जुने गोवे. फोनच्या नकाशावर ‘गोवा वेल्हा’ टाकणारा पाहुणा निवांतपणे मडगावच्या दिशेने निघून जातो आणि त्याची चूक त्याला जुवारी नदी दिसल्यावरच कळते.

मडगावहून बसने येणाऱ्यांनी पणजीला उतरून गाडी बदलावी. सावंतवाडी, रत्नागिरीकडून रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक सर्वांत जवळचे पडते. मात्र सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढण्याआधी थांबा पाहून घ्यावा.

तपासणी: सर्वांना नुसते नाव पाठवू नका, बॉम जीझस बासिलिकेचे, म्हणजे शवपेटी असलेल्या चर्चचे, ठिकाण नकाशावर खुणावून पाठवा. बासिलिका एकच आहे, तिथे कोणी चुकत नाही.

२. वार आणि महिना ठरवा

शुक्रवार टाळा. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते, आणि ते वगळले तर पोर्तुगिजांच्या आधीच्या गोव्याचा धागाच हातातून सुटतो. एकदा मी स्वतः पंधरा जणांना घेऊन शुक्रवारी त्या बंद दारापुढे उभा राहिलो आहे. दोष सर्वस्वी माझा होता, कारण वार मीच ठरवला होता, आणि सर्वांना सोयीचा म्हणून ठरवला होता.

रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा (सामूहिक प्रार्थना) असते आणि पर्यटकांना प्रवेश उशिरा मिळतो, त्यामुळे खालचा सकाळचा क्रम रविवारी जसाच्या तसा चालत नाही. सोमवारी अडचण वेगळीच असते: आपल्या गटातल्या निम्म्या माणसांचा सोमवार असतो आणि जेवणाचा बेत त्याप्रमाणे आधी करावा लागतो. माझ्या मते मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस सर्वांत चांगले.

महिन्यांत नोव्हेंबरचा पूर्वार्ध आणि जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. २४ नोव्हेंबरपासून सां फ्रान्सिस शेवियरच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि ३ डिसेंबरला फेस्त (संताचा उत्सव) असते. त्या दहा दिवसांत रस्ते वळवलेले असतात, फेस्ताची फेरी भरलेली असते आणि गाईडचा आवाज दुसऱ्या रांगेतल्या माणसालाही पोचत नाही. फेस्त पाहायचे असेल तर ते अवश्य पाहावे, पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. शहर पाहण्याच्या सहलीशी त्याची गल्लत करू नये. दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले आहे, त्यामुळे त्या गर्दीची चिंता आता काही वर्षे नाही.

पावसाळ्यात जायचे असेल तर जावे, हिरवाईत चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) रंग अधिक खुलतो. परंतु टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीन मठाच्या अवशेषांत चिऱ्यावर शेवाळ धरते आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिथे चढणे धोक्याचे असते.

३. गाईड निवडा

सहलीचा सगळा भार या पायरीवर आहे, आणि नेमकी हीच पायरी लोक जागेवर पोचल्यावर दोन मिनिटांत उरकतात. बासिलिकेच्या फाटकाशी जो पहिला माणूस ‘गाईड पाहिजे का’ असे विचारतो त्याला सोबत घेणे ही यातली नेहमीची चूक. तो वाईटच असेल असे नाही. परंतु त्याचा दिवस एका गटामागे पाऊण तास या हिशेबावर चालतो आणि तुम्हाला संपूर्ण दिवस हवा आहे. निदान चार-पाच दिवस आधी गाईड ठरवावा आणि त्याच्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे किंवा राज्याच्या पर्यटन खात्याचे ओळखपत्र आहे का, हे फोनवरच विचारावे. ओळखपत्राचे छायाचित्र मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही, आणि खऱ्या गाईडला त्याचा रागही येत नाही.

त्यानंतर प्रश्न विचारावेत. ‘तुम्हाला इतिहास येतो का’ हा प्रश्न निरर्थक आहे, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी मी चार गोष्टी विचारतो आणि उत्तरांवरून माणूस ओळखतो.

पहिली, संग्रहालय कोणत्या वारी बंद असते. दुसरी, से कॅथेड्रलचा एकच मनोरा का दिसतो. उजवीकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही, एवढे उत्तर त्याला सहज देता आले पाहिजे. तिसरी, आदिलशाहाच्या वाड्याची चौकट दाखवणार का आणि ती कुठे आहे. इथे बरेच जण अडखळतात, कारण ती नेहमीच्या फेरीत नसते. चौथी, दुपारी दोन ते साडेचार या वेळात गटाला कुठे नेणार. ‘मनोऱ्यापाशी’ असे उत्तर आले तर त्या गाईडने उन्हात माणसे फिरवलेली नाहीत, किंवा फिरवली असतील तर त्यांची फिकीर केलेली नाही.

भाषेचा मुद्दा स्वतंत्रपणे बोलून घ्यावा. जुन्या गोव्यातले पुष्कळ गाईड हिंदी आणि इंग्रजीत सांगतात. कोकणी बोलणारा गाईड असेल तर फोंडा, डिचोली, पेडण्याच्या मंडळींची अडचण होत नाही, पण पुण्या-मुंबईहून पाहुणे आले असतील तर त्यांना वेगाने बोललेली कोकणी झेपत नाही. मराठीत सांगणारा गाईड मिळतो, फक्त आधी शोधावा लागतो. ‘मराठी समजते’ आणि ‘मराठीत चार तास बोलता येते’ यांत फरक आहे, तेव्हा फोनवरचे बोलणे मराठीतच करावे म्हणजे तो लगेच कळतो.

सावधान: एका गाईडमागे पंधराहून अधिक माणसे ठेवू नका. चर्चमध्ये त्याला आवाज चढवता येत नाही, आणि मागची माणसे ऐकू येत नाही म्हणून आपापसात बोलू लागली की तिथल्या सेवेकऱ्यांकडून सगळ्या गटाला समज मिळते.

४. ठरलेले लिहून घ्या

तोंडी ठरलेले संध्याकाळी आठवत नाही. गाईडला एक संदेश पाठवावा आणि त्याच्याकडून होकार घ्यावा: भेटण्याची जागा आणि वेळ, सुटण्याची वेळ, शुल्क पूर्ण दिवसाचे की तासाचे, त्याचे जेवण कोणाकडे, संग्रहालयांची तिकिटे शुल्कात धरली आहेत की वेगळी, आणि वाटेत कोणत्याही दुकानात थांबायचे नाही. शेवटची अट अपमानास्पद वाटते म्हणून लोक लिहीत नाहीत आणि मग काजू-मसाल्यांच्या दुकानात चाळीस मिनिटे घालवतात. काजू पणजीत परतल्यावरही मिळतात.

चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे. पुरातत्त्व संग्रहालयाला आणि सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती कला संग्रहालयाला तिकीट आहे. दुसऱ्याच्या वेळा आणि सुटीचा वार निघण्याच्या आठवड्यात फोन करून विचारून घ्यावा.

वाहनाबद्दल थोडक्यात: गट लहान असेल तर पणजीतल्या पाटोवरच्या कदंब बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या, जुन्या गोव्यावरून जाणाऱ्या बसने जाणे सर्वांत सोपे. गावात पोचल्यावर सर्व ठिकाणे पायी होतात. ज्येष्ठ मंडळी असतील तर वाहन दिवसभरासाठी घ्यावे, कारण दुपारी टेकडीची चढण त्यांना नको वाटते.

५. आदल्या रात्रीची तयारी

खांदे आणि गुडघे झाकले जातील असे कपडे सर्वांनी घालावेत, पुरुषांनीसुद्धा. समुद्रकिनाऱ्यावरून थेट अर्ध्या चड्डीत आलेल्यांना दारातून परत पाठवल्याचे मी पाहिले आहे, आणि मग साऱ्या गटाला त्यांच्यासाठी बाहेर थांबावे लागते. पायांत पकड असलेले बूट किंवा पट्ट्याच्या चपला हव्यात.

आपल्या लोकांची एक सवय इथे नडते, ती आधीच सांगून ठेवावी. देवळात जातो तशा चपला बाहेर काढण्याची इथे गरज नसते. उलट बाहेर काढलेल्या चपलांचा ढीग दारात अडचण करतो. टोपी मात्र पुरुषांनी आत जाताना काढावी. वेदीच्या पायऱ्या चढू नयेत, मूर्तीला हात लावून तो डोळ्यांना लावण्याचा प्रयत्न करू नये आणि प्रार्थना चालू असल्यास मधल्या वाटेने पुढे जाऊ नये, बाजूने जावे किंवा थांबावे.

पिशवीत प्रत्येकी निदान दीड लिटर पाणी, छत्री (उन्हासाठीही), सुटे पैसे, लहान विजेरी आणि शक्य असल्यास दुर्बीण. दुर्बीण कशाला, असे सगळे विचारतात; शवपेटी उंचावर आहे आणि वेदीवरचे कोरीवकाम त्याहूनही उंचावर, एवढे त्याचे उत्तर.

तपासणी: गाईडला रात्री एकदा फोन करून वेळ पक्की करा. सकाळी सात वाजता न उचलला जाणारा फोन हा सहलीचा सर्वांत वाईट आरंभ असतो.

६. सकाळी ७.३०: रायबंदरवरून जा

वाहन तुमचे असेल तर चालकाला बाहेरच्या रुंद रस्त्याने न जाता पाटोवरून रायबंदरच्या बांधावरून न्यायला सांगा. पोंत द लिन्यारिश या नावाने ओळखला जाणारा हा सुमारे ३ किलोमीटरचा बांध-पूल १६३३-३४ मध्ये बांधला गेला आणि आजही त्यावरून रोजची वाहतूक चालते. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला मिठागरे आणि खारफुटी असे दृश्य लागते आणि नदी हाच शहराचा मुख्य रस्ता होता, हे गाईडने तोंड उघडण्याआधीच लक्षात येते. बसने जाणाऱ्यांनी वाहकाला रायबंदरवरून जाते का, हे विचारून चढावे.

इथे छायाचित्रांसाठी वाहन थांबवू नका. रस्ता अरुंद आहे आणि सकाळी पणजीला कामावर येणाऱ्यांची गर्दी समोरून असते.

७. सकाळी ८ ते ९: नदीकाठ

जवळजवळ सगळे गट बासिलिकेपाशी उतरतात आणि तिथूनच सुरुवात करतात. चर्चे साधारण नऊला उघडतात, म्हणून लवकर आलेली मंडळी फाटकाबाहेर चहा पीत उभी राहतात. हा तासभर नदीवर घालवावा. वाहन थेट फेरीधक्क्यापर्यंत न्यावे आणि गटाने नदीकडे पाठ करून व्हाइसरॉयच्या कमानीतून आत चालत यावे. पोर्तुगालहून येणारा प्रत्येक नवा गव्हर्नर याच बाजूने शहरात शिरत असे. कमान १५९९ ची, वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याच्या कारकिर्दीतली, आणि नदीकडच्या बाजूला पणजोबाचा पुतळा आहे. आज उभी असलेली कमान बरीचशी १९५४ च्या दुरुस्तीतली आहे; हे गाईडने सांगितले नाही तर तुम्ही विचारा.

कमानीतून वर आले की सेंट कॅजेटनच्या चर्चजवळ आदिलशाहाच्या वाड्याची उरलेली चौकट दिसते. काही पायऱ्या, काळ्या दगडाचे खांब आणि वर आडवा दगड एवढेच ते आहे, आणि फलकाकडे लक्ष गेले नाही तर माणूस शेजारून निघून जातो. वाडा पुढे व्हाइसरॉयांच्या निवासासाठी वापरला गेला आणि नंतर पाडला गेला. सबंध दिवसात तुम्ही जे पाहणार आहात त्यात १५१० च्या आधीचे, मूळ जागी उभे असलेले असे हे एवढेच, म्हणून इथे दहा मिनिटे थांबावे. सेंट कॅजेटनचे चर्च बाहेरून पाहून घ्यावे आणि दार उघडे असल्यास आतही जावे. रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीचा घुमट आणि त्याखालची झाकलेली विहीर या दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

सावधान: फेरीबोट समोर उभी असली की मुले दिवाडीला जाऊन येण्याचा हट्ट धरतात. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि पलीकडे पोचायला वेळही लागत नाही, परंतु परतीच्या फेरीची वाट पाहण्यात नऊची वेळ चुकते. दिवाडी दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. ते बेट स्वतंत्र दिवसाच्या लायकीचे आहे.

८. सकाळी ९ ते १०: बॉम जीझस बासिलिका

बसफेऱ्यांतील गर्दी साधारण साडेदहानंतर वाढू लागते. त्याआधी आत जाऊन बाहेर पडणे, एवढेच या पायरीचे उद्दिष्ट.

नियम असा ठेवावा: सांगणे बाहेर, पाहणे आत. गाईडने समोरच्या अंगणात वीस मिनिटे जे काही सांगायचे ते सांगून टाकावे आणि मग सर्वांनी गप्प आत जावे. बाहेर असताना दोन गोष्टी बोटाने दाखवून घ्याव्यात. बांधकाम १५९४ ते १६०५ या काळातले. आज उघडा दिसणारा तांबडा चिरा मुळात उघडा नव्हता, त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि तो विसाव्या शतकाच्या मध्यास काढला गेला. पाऊस थेट चिऱ्यात मुरू लागल्याने त्या निर्णयाची किंमत इमारत आजही मोजते आहे. आपल्याकडे कोकणात चिऱ्याची घरे बांधणाऱ्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आत गेल्यावर वेदीकडे तोंड केले की उजव्या हाताच्या कपेलात (छोट्या प्रार्थनागृहात) सां फ्रान्सिस शेवियरची समाधी आहे. गोंयच्या सायबाचे, म्हणजे याच संताचे, निधन १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर झाले. चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी घडवलेली, १६३७ ची. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाच्या ड्यूकने पाठवलेला, १६९८ मध्ये बसवलेला. सगळ्यांची नजर वरच्या पेटीवर खिळते आणि चौथऱ्याच्या बाजूंवरचे कांस्यपट पाहायचे राहून जातात. दुर्बीण इथे बाहेर काढावी.

छायाचित्रणाचे नियम बदलत असतात, त्यामुळे दारातला फलक वाचावा आणि समाधीशी कोणालाही उभे करून छायाचित्र काढू नये.

सावधान: फाटकाबाहेर मेणबत्त्या आणि मेणाचे हात-पाय विकणारे हातात वस्तू देतात आणि मग पैसे मागतात. नवस फेडायचा असेल त्याने घ्यावे. नसेल त्याने हात खिशात ठेवावेत.

९. सकाळी १० ते १२.३०: से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस, संग्रहालय

रस्ता ओलांडून पलीकडे गेले की एकाच आवारात तीन गोष्टी आहेत. क्रम: से कॅथेड्रल, मग सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च, मग संग्रहालय.

छायाचित्रांची हौस असणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला आहे आणि बासिलिकेचे पश्चिमेला. म्हणजे कॅथेड्रलचे समोरून छायाचित्र सकाळी घ्यावे आणि बासिलिकेचे दुपारनंतर परतताना. उलट करणाऱ्यांच्या हाती काळवंडलेल्या भिंती लागतात.

कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि १६१९ मध्ये मुख्य इमारत पुरी झाली, वेद्या त्याहून नंतरच्या. इथे गाईडला मोकळे सोडले तर तो एकेका वेदीचे नाव सांगत तास काढतो, म्हणून त्याला अर्धा तास दिला आहे हे आधीच सांगावे. सेंट फ्रान्सिसमध्ये नजर खाली ठेवा. जमीन कुलचिन्हे कोरलेल्या थडग्यांच्या शिळांची आहे आणि आपण त्यांवरूनच चालत असतो.

संग्रहालयाला एक तास द्यावा, आणि तोही वरच्या मजल्यावरच्या व्हाइसरॉयांच्या तैलचित्रांपासून सुरू करू नये. ती चित्रे पुष्कळ आहेत आणि पाचव्या चित्रानंतर सगळ्या दाढ्या सारख्याच दिसू लागतात. आधी तळमजल्यावरचे वीरगळ आणि सतीशिळा पाहाव्यात. त्यांत जहाजांवरची लढाई कोरलेला वीरगळ गाईडकडून आवर्जून दाखवून घ्यावा. महाराष्ट्रात गावोगावी पाहिलेल्या वीरगळांत गाई राखताना पडलेला वीर असतो, तर इथे तो होडीत आहे. समुद्रावर जगणाऱ्या कदंबांच्या राज्याची इतकी थेट साक्ष दुसरीकडे सहज भेटत नाही.

तपासणी: साडेबारापर्यंत कमान, चौकट, बासिलिका, कॅथेड्रल आणि संग्रहालय एवढे झालेले असावे. काही राहिले असेल तर दुपारच्या विश्रांतीतला वेळ कापू नका, एखादी गोष्ट सोडून द्या.

१०. दुपारी १२.३० ते २.३०: जेवण आणि सावली

जुन्या गोव्यात खाण्याची ठिकाणे मोजकी आहेत आणि एकच्या सुमारास बसफेऱ्यांची माणसे तिथे लोटतात. म्हणून पावणेएकला पानावर बसलेले बरे. नुस्त्याचे (मासळीचे) जेवण सहज मिळते. शाकाहारी मंडळींची संख्या सकाळीच फोनवर कळवावी. जेवणानंतर झाडाखाली किंवा वाहनात अर्धा तास बसावे. ही विश्रांती आळशीपणाची नाही, कारण यापुढे टेकडी चढायची आहे. शौचालयाची सोय इथेच आटोपून घ्यावी, वर गेल्यावर ती शोधण्यात वेळ जातो.

११. दुपारी २.३० नंतर: मोंते सांतोची टेकडी

बासिलिकेच्या पश्चिमेची ही चढण पायी दहा-पंधरा मिनिटांची आहे. आधी सांता मोनिकातले ख्रिस्ती कला संग्रहालय, म्हणजे तीव्र उन्हाचा वेळ छपराखाली जातो. हस्तिदंती मूर्तींवर आपल्या कारागिरांचा हात कुठे दिसतो ते निरखावे. डोळ्यांची ठेवण आणि वस्त्रांच्या चुण्या पाहिल्या की गाईडची फारशी गरज पडत नाही.

साडेचारच्या सुमारास सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांत उतरावे. उभा राहिलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच आहे. मठ ओस पडल्यावर १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला. जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष इथल्याच उत्खननात मिळाले आणि २०२१ मध्ये ते भारताने जॉर्जियाला दिले. पणजीकरांसाठी एक गोष्ट मी नेहमी इथे राखून ठेवतो: पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमधली मोठी घंटा मुळात याच मनोऱ्याची. रोज ऐकलेला नाद कुठून आला, हे त्या मोकळ्या मनोऱ्याखाली उभे राहून कळले की बोलके लोकही क्षणभर गप्प होतात.

सावधान: मनोऱ्याच्या अगदी पायाशी उभे राहू नका आणि मुलांना भिंतींवर चढू देऊ नका. चिरा वरून घट्ट दिसतो, पण तुटायला वेळ लागत नाही.

शेवट रोझरी मातेच्या चर्चपाशी. १५४० च्या दशकातले, गढीसारखे बुटके आणि जाड भिंतींचे हे चर्च टेकडीच्या पश्चिम टोकावर आहे. आल्बुकर्कने इथूनच लढाई पाहिली, असे तिथली शिळा सांगते. दार बंद असेल तर खंत करू नये, इथे यायचे ते बाहेरच्या कठड्यासाठी. सकाळी ज्या धक्क्यावरून आत शिरलो तो, मांडवी, दिवाडी आणि चोडण हे सगळे इथून एका नजरेत येते. गाईडला शेवटची दहा मिनिटे इथे द्यावीत आणि सकाळपासूनचा मार्ग बोटाने दाखवायला सांगावा.

१२. सायंकाळ: हिशेब आणि परतीची वाट

अंधार पडण्याआधी टेकडी सोडावी, उतारावर दिवे कमी आहेत. गाईडचे पैसे खाली मुख्य रस्त्यावर आल्यावर, ठरलेला संदेश उघडून, तेवढेच द्यावेत. काम मनासारखे झाले असेल तर वरचे वेगळे द्यावेत आणि तसे सांगून द्यावेत, म्हणजे पुढच्या गटाला तोच दर वाढवून सांगितला जात नाही. बासिलिकेचे समोरून छायाचित्र राहिले असेल तर ते परतताना, ऊन तिच्या तोंडावर असेपर्यंत घ्यावे. बसने जाणाऱ्यांनी गांधी पुतळ्याच्या चौकाजवळ पणजीच्या बाजूला उभे राहावे आणि साडेसातच्या आत गाडी धरावी. त्यानंतर बस विरळ होतात, आणि पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला) जेमतेम एकालाच नेतो.